वार्सिदींचे सूर

मेरापी ज्वालामुखी फुटला तेव्हा आमचं गाव राखेखाली गेलं, आणि गावचा गामेलान, आमचा वाद्यांचा मेळ, तोही. काशाच्या पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या. मोठ्या घंटेशेजारीच वार्सिदी सापडले. वाद्यमेळाचे प्रमुख ते. बाकीचे खाली पळाले, काही वाटेतच गेले, पण वाद्यं सोडून ते हलले नव्हते.

त्यांचा मुलगा तुगियो वाचला. मोटरसायकलवर मागे कीबोर्ड बांधून उतरताना साऱ्या गावानं त्याला पाहिलं होतं. तो लग्नांत कीबोर्ड वाजवायचा, बापाला ते कधी रुचलं नव्हतं. थोरली बहीण सुमार्नी मेळाची गायिका. त्या दिवशी ती सासरी होती. तेव्हापासून तिनं भावाशी बोलणं टाकलं.

मी मेळात ढोल वाजवायचो. नव्या वस्तीत मेलेल्यांच्या हजाराव्या दिवसाचं जेवण ठरलं, तेव्हा तुगियो माझ्याकडे आला.

"पाक दार्सो, बापाकांच्या रचना वाजवू या. कीबोर्ड, दोन गिटार, तुम्ही ड्रमवर. म्बाकला तुम्हीच विचारा."

म्बाक म्हणजे ताई. सुमार्नी चुलीपाशी सोयाबीनच्या वड्या, टेंपे, तळत होती.

"त्या डबड्याबरोबर गाऊ? पाक दार्सो, म्हातारचळ लागला की काय?"

"सगळ्या मेलेल्यांसाठी आहे, पोरी. दुसरी वाद्यं आहेत कुठे आता?"

तिनं झारा आपटला. "गाईन. पण त्याच्या तोंडाकडे बघणार नाही."

जेवणाच्या दिवशी दुपारी मांडवात भाताचे पिवळे डोंगर मांडले होते. तुगियोनं पहिला सूर धरला आणि माझ्या हातातल्या काड्या थबकल्या. आमचे पाच सूर कीबोर्डात बसत नाहीत, गावागावाचे ते वेगळे असतात. पण हे आमचेच होते. एका जुन्या लग्नाचं ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून त्यानं एकेका पट्टीचा सूर फिरवून घेतला होता. घंटेच्या जागी गिटारची जाड तार घुमत होती.

सुमार्नीचा आवाज पहिल्या ओळीत अलगद जाऊन बसला. दुसऱ्या ओळीला ती थांबली आणि माइक हातात तसाच धरून वळली.

"सूर एवढे जपून आणलेस. आणि बापाकांना?"

तुगियोनं कीबोर्डावरचे हात उचलले.

"हात धरून ओढलं मी त्यांना," तुगियो म्हणाला. "त्यांनी घंटेच्या मोगरीनं मारलं. हे मनगट बघ, अजून वळत नाही. म्हणाले, गाडीची मागची जागा रिकामीच आहे, तर ने तुझं डबडं."

"खोटं! बापाक असं कधी म्हणाले नसते."

"म्हणाले, म्बाक."

कोण सांगणार? तिथं तिसरं माणूसच नव्हतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक विधवा खेकसली, "तुमचं भांडण घरी करा! माझाही नवरा त्यातच गेलाय. वाजवा!"

आम्ही वाजवलं. सुमार्नी गायली नाही, पण उठलीही नाही. माइक मांडीत घेऊन बसून राहिली. तो चालूच होता, त्यामुळे तिचा श्वास भोंग्यांतून साऱ्या मांडवाला ऐकू येत होता. लोक माना खाली घालून भात खात होते. वाजवणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही.

पुढे तुगियो दूर कालिमांतान बेटावर पामच्या मळ्यावर कामाला गेला. जाताना बहिणीच्या दारावरून गेला, पण आत शिरला नाही. तीही बाहेर आली नाही.

ईदला आमच्याकडे धाकटे थोरल्यांच्या पाया पडून माफी मागतात. सुमार्नीनं पानात बांधलेल्या भाताचे केतुपात उकडले, नेसायला नवं बातिकचं वस्त्र काढलं आणि सकाळपासून उंबऱ्यात बसली. तुगियोचा फोन आला, तो मला.

"म्बाक आहे का जवळ?"

मी तसाच चालत जाऊन फोन तिच्यापुढे धरला. तिनं त्याकडे पाहिलं. हात उचलला, पुन्हा मांडीवर ठेवला.

"जेवायला बसलेय म्हणा," ती म्हणाली.

मी तसं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "जेवू दे तिला," आणि फोन ठेवला.