छत्रीवाल्या बाईला हलवू नका

मी एक वाफेचं इंजिन बोलतोय. लगेच कानांवर हात ठेवू नका, माझ्या शिट्टीने कुणाच्या कानठळ्या बसत नाहीत. मी तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढाच आहे. आणि वाफेचा म्हणवतो खरा, पण माझ्या पोटात ना पाणी ना कोळसा. आत आहे एक बोटभर विजेची मोटार. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे मला कामाचं बोलायचं आहे.

माझा जन्म दवाखान्यात झाला. त्यात काय विशेष, सगळेच दवाखान्यात जन्मतात, असं तुम्ही म्हणाल. पण माझा दवाखाना दातांचा होता.

दुपारी पेशंट नसले की डॉक्टर पांढरा कोट अंगात तसाच ठेवून पितळेचा पत्रा हातात घेत. त्यांनी माझा बॉयलर वाकवला, धुराड्याला डाख दिला आणि दात कोरायच्या यंत्रानेच माझ्या चाकांच्या आऱ्या घासून काढल्या. बाहेरच्या बाकावर एखादा पेशंट बसलेला असे. आतून येणारा घर्रर्र आवाज ऐकून त्याला वाटे, कुणाची तरी दाढ कोरणं जोरात चाललंय, आणि तो गुपचूप चपला घालून घरी जाई.

"अहो, या इंजिनापायी तुमचे पेशंट पळताहेत," डॉक्टरांची बायको म्हणायची.

"जे पळाले त्यांचे दात ठणठणीत होते," डॉक्टर म्हणत आणि पुन्हा माझ्यावर भिंग धरत.

दवाखान्यामागच्या खोलीत भिंतीला लागून लाकडी फळ्यांचं मोठं मेज आहे. त्यावर माझे रूळ आहेत, एक पूल, एक बोगदा, रूळ बदलायचे दोन सांधे आणि एक स्टेशन. खोलीत येणारा नवा माणूस हमखास म्हणतो, "वा, छान खेळणं आहे." मग डॉक्टर त्याला खुर्चीत बसवतात, आणि त्यांच्या खुर्चीत एकदा बसलेला माणूस सहजासहजी सुटत नाही.

"खेळणं ढकललं की पळतं," ते सांगतात. "मॉडेलला वजन असतं, चढ लागला की त्याला दम लागतो. आणि पळायला काय, कुणीही पळेल. इंजिन थांबतं कसं ते बघा. थांबण्यावरून ड्रायव्हर ओळखावा."

हे माझंही मत आहे. खऱ्या रुळांवरची मोठी भावंडं किती वेगाने धावतात याच्या गप्पा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पण हजार माणसांना पाण्याचा पेला न हिंदकळवता फलाटाला आणून उभं करणं, याला म्हणतात हुन्नर.

तेव्हा आमच्या खोलीचा नियम थांबण्याचाच आहे. फलाटावर छत्रीवाली एक बाई उभी आहे. डॉक्टरांनी तिला कवळीच्या गुलाबी मसाल्यातून घडवलं. वरून रंग दिला, पण चेहरा द्यायचा राहिला, त्यामुळे तो अजून हिरड्यांच्या रंगाचा आहे. तिच्या पायाखाली कवळीच्या मापाला वापरतात त्या मेणाचा एक ठिपका लावून तिला उभं केलं होतं. दर रविवारी मित्रमंडळी जमतात आणि पाळीपाळीने मला चालवतात. एक फेरा पुरा करून माझं दार नेमकं त्या बाईसमोर यायला हवं. ज्याचं चुकेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. डॉक्टरांचे जिवलग मित्र घड्याळकाका, म्हणजे कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे, हे खरं तर सेकंदकाट्याशी खेळणारे, पण बाईला पाहिलं की त्यांचा हात गडबडायचा. वर्षानुवर्षं चहा त्यांनीच केला. डॉक्टरांना आपल्या स्वयंपाकघरात चहाची पूड कुठे असते तेही ठाऊक नव्हतं.

याच खोलीत भांडणंही झाली. डॉक्टरांची मुलगी शिकली आणि विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये इंजिनियर झाली. घरी आली की बाप-लेकीची जुंपायची.

"वाफेच्या इंजिनाला जीव असतो," डॉक्टर म्हणत. "ते श्वास घेतं, तापतं, रुसतं. तुमची ती विजेची इंजिनं म्हणजे चाकांवरची कपाटं."

"बाबा, त्या कपाटाचं एक चाक जरा घसरलं तरी ते स्वतःच ओळखतं आणि जोर आवरतं. तुमचं इंजिन कोळशातली बहुतेक आग धुराड्यातून आकाशाला देतं. आणि एवढं वाफेचं प्रेम आहे, तर याच्या पोटात मोटार कशाला घातलीत?"

यावर डॉक्टर माझ्याकडे बघत आणि मी रुळांकडे. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. मी बाहेरून बापाचा आहे आणि आतून लेकीचा.

मग डॉक्टरांची नजर गेली. एकदम नाही. आधी नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आला आणि तो पसरत गेला. कडेकडेने त्यांना अजूनही थोडं दिसतं, पण जिकडे बघावं तिथेच नेमकं काही नसतं. दवाखान्याची पाटी उतरली. यंत्रं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. रविवार तेवढा राहिला.

त्या रविवारांत डॉक्टर चुकू लागले. कधी मला वीतभर अलीकडे थांबवत, कधी पार फलाटाबाहेर नेत. आयुष्यात पहिल्यांदा ते चहा करायला शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं आणि मंडळींनी तो चहा निमूट प्यायला. डॉक्टरही हसले. त्यांचं काही बिघडलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. चुकत होते, पण खेळात होते.

आणि मग एकदम ते चुकेनासे झाले. दर रविवारी माझं दार बरोब्बर बाईसमोर. मंडळी टाळ्या वाजवत. खरं काय ते मला दिसत होतं, कारण ते माझ्या दारातच घडत होतं. मी थांबलो की घड्याळकाका खिशातून बारीक चिमटा काढत, श्वास रोखून बाईला अलगद उचलत आणि माझ्या दारासमोर आणून ठेवत. ज्या हाताने केसाएवढी स्प्रिंग बसवायची, त्या हाताचा आवाज कसा येणार? त्यांच्या मनात पाप नव्हतं. मित्राला चहाच्या भांड्यापाशी चाचपडताना बघवत नव्हतं, इतकंच. पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. थांबलो नाही तिथे थांबल्याची शाबासकी मी घेत होतो.

एका रविवारी टाळ्या संपल्या आणि डॉक्टरांनी सहज फलाटावरून बोट फिरवलं. त्यांच्या बोटाला मेण लागलं. जरा पुढे पुन्हा मेण. अलीकडे, पलीकडे, फलाटभर मेणाचे ठिपके. ज्यांनी उभा जन्म बोटांनी लोकांच्या तोंडातले खड्डे शोधले, त्यांना आणखी काय सांगायला हवं होतं?

"घड्याळवाले," ते शांतपणे म्हणाले, "आमची बाई फार हिंडायला लागली हो."

घड्याळकाकांच्या हातातला चिमटा खाली पडला. "डॉक्टर, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"चहा करताना मला वाईट वाटत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "आता वाटतंय."

त्यांनी मला उचललं, दवाखान्यातल्या उरलेल्या कापसात गुंडाळलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि सांगितलं, "संपलं. हे सगळं कुणाला हवं असेल तर देऊन टाका."

कापूस मऊ असतो, पण इंजिनाला मऊ जागा काय करायची आहे? खोक्यात पडल्यापडल्या मला राग येत होता. मी झिजलो नव्हतो, मोडलो नव्हतो. नजर गेली ती डॉक्टरांची, आणि तेही वाटेल ते ओझं ओढायला तयार होते. फक्त कुणी तरी खरं बोलायला हवं होतं.

मुलगी रजेवर आली तेव्हा आईने तिला सगळं सांगितलं. तिने खोकं उघडलं आणि मला मेजावर आडवं केलं. तिच्या मनात होतं, माझ्या पोटात एक चिप बसवायची. ती बसली की रुळांत सतत एकसारखी वीज राहते आणि हुकूम थेट चिपला जातात. चढ असो की उतार, चिप वेग ढळू देत नाही. शिवाय वाफेच्या इंजिनाचा आवाज काढते. डोळ्यांनी नाही तर कानांनी बाबांनी गाडी चालवावी, असा तिचा हिशेब होता. वडिलांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून तिने विचारलंच नाही.

तिने तारा जोडल्या, मला रुळांवर ठेवलं आणि खटका दाबला. फट्. माझ्या धुराड्यातून जन्मात पहिल्यांदा खराखुरा धूर निघाला.

जळका वास बाहेरच्या खोलीत गेला. भिंतीला हात लावत डॉक्टर आत आले.

"चिप जाळलीस?"

मुलीने खटका बंद केला.

"मोटारीचं एक टोक बॉडीला जोडलंय. आणि बॉडी एका रुळाला. ते न तोडताच चिप बसवलीस?"

"बॉडीला? असं कोण करतं, बाबा!"

"तेव्हा सगळेच करायचो. एक तार वाचायची." डॉक्टरांना लपवता येत नव्हता इतका आनंद झाला होता. "एवढी मोठी इंजिनं हाताळतेस आणि हे चिमुकलं तुला पुरून उरलं?"

"तिथे प्रत्येक इंजिनाचं ड्रॉइंग असतं. याचं कुठे आहे?"

"हे काय," म्हणत डॉक्टरांनी तिच्यापुढे दहा बोटं पसरली.

मग मला उताणं पाडून दोघं कामाला लागली. डॉक्टरांनी दात तपासायचा जुना आकडा मागवला आणि त्याच्या टोकाने माझ्या आत चाचपत नेमका तो सांधा दाखवला. "इथे. हळू. ओरडलं तर थांब." मी काय ओरडतोय! तिने डाख सोडवला, मोटारीखाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सरकवला आणि दुसऱ्या दिवशी नवी चिप बसवली.

या वेळी मी चाललो, आणि चालताना फुसफुसलो. डॉक्टरांनी नाक मुरडलं. "हा टेपवरचा खोकला मला नको." पण दोनच फेरे ऐकून त्यांनी हात वर केला. "थांब. चाकाच्या एका फेऱ्याला किती ठोके लावलेस? हे तीन येताहेत. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चार हवेत. वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते."

मुलीने चिपमधला आकडा बदलला. मी पुन्हा निघालो. डॉक्टर आता हसत नव्हते, मान तिरकी करून ऐकत होते. पुलावर माझा आवाज पोकळ होत होता, बोगद्यात घुमत होता, फलाटाच्या अलीकडच्या सांध्यावर खट्ट होत होतं, आणि तिथून पुढे प्रत्येक ठोका म्हणजे चाकाचा पाव फेरा.

"म्हणजे मला फलाट ऐकू येतोय," ते म्हणाले. लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले. तिने तसं करायची गरज नव्हती, पण केलं.

त्यानंतर रोज सकाळी आमचा सराव चालला. रविवारी मंडळी आली तेव्हा मुलीने बाईच्या पायात पितळेची खीळ ठोकून तिला फलाटात पक्की केली होती. मेणाचे ठिपके खरवडून टाकले होते.

"घड्याळवाले, चिमटा खिशातून काढा. मेजावर ठेवा," डॉक्टर म्हणाले. चिमट्याचा आवाज ऐकल्यावरच त्यांनी कंट्रोलरची खुंटी फिरवली.

मी निघालो. पूल गेला, बोगदा गेला, सांधा खट्ट वाजला. खोलीत माझ्याशिवाय कुणी श्वास घेत नव्हतं. डॉक्टरांचे ओठ हलत होते. खुंटी मागे आली आणि मी थांबलो.

"कुठे?"

घड्याळकाकांनी मुलीकडे बघितलं.

"घड्याळवाले, पोरीकडे बघू नका. बाईकडे बघा आणि सांगा."

घड्याळकाका वाकले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "डॉक्टर," ते म्हणाले, "छत्रीभर पुढे गेलात. चहा तुमच्याकडे."

डॉक्टर हसायला लागले, अगदी मोठ्यांदा. "छत्रीभर! नुसतं छत्रीभर!" असं म्हणत भिंतीला हात लावून ते स्वयंपाकघराकडे निघाले. मागून घड्याळकाका ओरडले, "साखर, डॉक्टर! साखर चाखून घाला!"

आता चहा कधी डॉक्टर करतात, कधी घड्याळकाका. माझं दार बाईसमोर नेमकं लागतं तेव्हा डॉक्टर स्वतः बोट फिरवून खात्री करून घेतात, आणि मगच टाळ्या. कपाटं आणि जीव यांवरचं भांडण अजून मिटलेलं नाही. ते मिटू नये असं मला वाटतं, कारण मिटलं तर मी कुणाच्या बाजूचा ते ठरवावं लागेल.

तुमच्याही घरात कुणाची नजर मंदावली असेल, कुणाचा हात कापत असेल. त्यांचे रूळ पुसून द्या. खुंटी हाताशी आणून द्या. चुकले तर खुशाल हसा आणि चहा करायला लावा. फक्त त्यांच्यासाठी बाईला हलवू नका.

बास, आता मला निघायला हवं. डॉक्टरांचा हात खुंटीवर आलाय. बाई तिच्या जागेवर उभी आहे. तिच्यापर्यंत पोचायचं काम आमचं.