पुलावरची पहारेकरीण

ठिणगीला त्या दुपारी काही म्हणजे काही कळलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. टेबलावर ना पट, ना सोंगट्या, ना पत्ते. चार माणसं, कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. तो घरंगळत खाली गेला की खेळायला आलेले शेजारचे मास्तर गुडघ्यांवर बसून शोधणार. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. गोष्ट सांगणारी होती ताई. म्हणून तर ठिणगी आली होती, नाहीतर असल्या उचापतींत रविवार घालवणाऱ्यांतली ती नव्हे.

ताई तिच्याशी वर्षभर बोलली नव्हती. आईचं आजारपण ताईने दोन वर्षं एकटीने काढलं. ठिणगी महिन्यातून एकदा यायची, आणि अशीच एकदा दवाखान्याच्या जिन्यात रागाच्या भरात बोलून गेली, "तू आईला गोळ्या दिल्यास, माया नाही दिलीस." तेव्हापासून ताईने बोलणंच टाकलं. आई गेली तेव्हाही दोघी एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत रडल्या. ठिणगी हे नाव लहानपणी ताईनेच ठेवलेलं, कारण हिला एक बोललं की दोन परत यायची. आता लिफ्टच्या कंपनीत दिवसभर तक्रारींचे फोन घ्यायची, तरी जिभेचं वळण गेलं नव्हतं. माफी मागायला तिने चारदा फोन लावला. ताईने एकदाही उचलला नाही.

ताईच्या घरी खेळायला बोलावलं ते तिच्याच इमारतीत खाली दुकान असलेल्या केमिस्टने. त्याने कडा मऊ झालेला एक कागद तिच्यापुढे सरकवला. "रिकाम्या हाताने लढणारा गडी आहे. चार वर्षं मीच खेळतोय. आज तुम्ही घ्या, मी जादूगार होतो."

कागदावर हत्यार या शब्दापुढे रेघ. चिलखत, रेघ. ढाल, रेघ.

"अहो, हे भरायचं राहिलंय."

"राहिलं नाही. त्याच्याकडे काही नाहीच, तीच तर मजा आहे."

"डोंबलाची मजा. मास्तरांना तलवार आणि मी काय, हात हलवत जाऊ?"

केमिस्ट हसला. "दिवसभर माझ्या पाठीमागे हजार डब्या असतात. नेमकी हवी ती सापडली नाही की मी बिनकामाचा. या गड्याचं तसं नाही. त्याचं कुणी काही काढून घेऊ शकत नाही. रविवारी याच्या अंगात शिरलो की खांदे हलके होतात बघा."

ठिणगीला हे पटलं नाही. कळलंच नव्हतं, तर पटणार कुठून.

गोष्टीचे कागद कुणाला दिसू नयेत म्हणून ताई पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसली होती. तिने बहिणीकडे न बघता सुरुवात केली. "समोर पूल आहे. पुलावर एक पहारेकरीण, हातात धनुष्य. ती तिसऱ्या खेळाडूवर बाण सोडते."

तिसरा खेळाडू म्हणजे मी, हे ठिणगीच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"झेला," केमिस्ट घाईने म्हणाला. "हा गडी उडता बाण हाताने धरतो. वाटलं तर तिथल्या तिथे परत फेकतो."

तिने फासा टाकला. सतरा. बाण उजव्या हातात आला. परत फेकणं कसं करतात ते माहीत नसल्यामुळे तिने तो तसाच धरून ठेवला. दुसरा आला, तो डाव्या हातात.

"पहारेकरीण म्हणते," ताईचा आवाज जरा खरखरीत झाला, "इथे दोन वर्षं मी पहारा दिलाय. एकटीने. आता कशाला आलीस?"

मास्तरांनी कागद उलटसुलट केले. "हे गोष्टीत कधी आलं?"

ठिणगीच्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. तिने ओठ घट्ट मिटले.

"दोन्ही हात भरलेत," केमिस्ट हळूच म्हणाला. "झेलायला हात मोकळा लागतो. एक तरी फेका तिच्यावर, नाहीतर तिसरा छातीत बसेल."

"खाली ठेवते," ठिणगी म्हणाली. "दोन्ही."

"मग पुढे?"

"पुढे काय ते मला कुठे माहितीय? उभी राहते. आणि तिला सांगते, की जिन्यात बोलले ते खोटं होतं. माया तूच दिलीस. मला लाज वाटत होती, म्हणून तुला बोलले."

ताईच्या मुठीत फासा होता. बराच वेळ तो मुठीतच राहिला. मास्तरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, केमिस्टने त्यांच्या पायावर पाय दिला.

"तिचे बाण संपले," ताई शेवटी म्हणाली. "ये ठिणगे, पूल ओलांड."

मग ती डोळे पुसत पाणी आणायला आत गेली. ठिणगीही मागोमाग उठली आणि जाता जाता तिची नजर आडोशामागच्या कागदावर पडली. ताईच्या अक्षरात नीट लिहिलेलं होतं: पहारेकरीण, बाण वीस.