तळ्याकडे गेलेली बादली

मी एक जुनी निळी बादली आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. बादलीला कसली आली आहे भीती, असे तुम्ही म्हणाल. पण मला भीती पडण्याची किंवा फुटण्याची नाही. मला भीती वाटते तळ्याकडे जाणाऱ्या वाटेची. त्या वाटेने मी घरच्यांबरोबर दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात एक जीव होता.

कारखान्यात वितळलेले प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवले आणि वर लोखंडी कडी अडकवली. दुकानात आम्ही दहा बहिणी एकीत एक बसून होतो. त्यांतून मला निवडले ते एका घड्याळजींनी. त्यांच्या दुकानाच्या मागेच दोन खोल्यांचे घर होते आणि तिथे भिंतीला टेकून माशांची काचेची पेटी होती. दर रविवारी पेटीतले निम्मे पाणी काढायचे आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी आत ओतायचे, हे माझे काम. "या बादलीच्या जिवावर मासे जगतात," असे घड्याळजी गिऱ्हाइकांना सांगत आणि मी हुरळून जाई.

पेटीत एक काच चाटणारा मासा होता. आणला तेव्हा तो बोटभर होता. काचेवरचे शेवाळ खाऊन पेटी स्वच्छ ठेवतो, म्हणून सगळ्यांचा लाडका. पण तो वाढतच गेला. दोन वर्षांत हातभर झाला, वळायला गेला की शेपटी काचेवर आपटे. घड्याळजींचे मन लोण्याचे. एका सकाळी त्यांनी त्याला माझ्यात घातले, तळ्यावर नेले आणि पायरीवर बसून मला हळूच कलते केले. "जा बाबा, मोकळा हो," ते म्हणाले. मासा गेला. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मासा मोठ्या घरी राहायला गेला, असे तिला सांगण्यात आले. मलाही तेच वाटले. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मुलीला सगळे टिटवी म्हणत, कारण तिचे तोंड क्षणभर मिटत नसे. ती सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी एक कासव आले. नाण्याएवढे, हिरवेगार, कानामागे लाल पट्टा. मान वर करून ते सगळ्यांकडे असे बघे, की जणू कामात चूक सापडली आहे. म्हणून त्याचे नाव पडले साहेब. मासे हळूहळू संपले, पेटी साहेबांची झाली. माझ्या कडीला गंज चढला आणि मला मोरीच्या कोपऱ्यात फरशी पुसण्याच्या पाण्यासाठी ठेवले. त्याचे मला दुःख नव्हते. भीती आली ती नंतर.

तळ्यावर एक मावशी जाळे टाकून मासे धरत आणि दारोदार विकत. एकदा त्यांची टोपली तुटली म्हणून टिटवीच्या आईने मला त्यांना दोन दिवस दिले. मी तळ्याच्या काठावर बसले आणि मावशींनी जाळे ओढले. जाळ्यात चांदीसारखे लहान मासे मूठभर होते. बाकी सगळे काळे, काटेरी, काच चाटणारे. त्यांच्या काट्यांनी जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. काठाला त्यांनी बिळे पाडली होती आणि माती ढासळून पाणी गढूळ झाले होते. "कुणी आणून टाकली ही पीडा, देव जाणे," मावशी म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ना, तसे मला वाटले, की आता मावशी माझ्याकडेच बघणार. आम्ही एकच मासा सोडला होता, मित्रांनो. पण गावात बादल्या काय कमी आहेत? प्रत्येकीने एकच सोडला असेल.

त्यानंतर साहेबांकडे बघितले की मला धडकी भरे. ते ताटाएवढे झाले. पेटीला वास येऊ लागला, गिऱ्हाइके नाकाला रुमाल लावू लागली. एके दिवशी जेवताना घड्याळजी म्हणाले, "बिचाऱ्याला किती दिवस कोंडून ठेवायचं? रविवारी तळ्यात सोडून येऊ." मी मोरीत होते. तिथून सगळे ऐकू येते.

मी ते तळे जवळून पाहिले होते. तिथली तपकिरी कासवे लाजाळू, उन्हाला एकाच दगडावर दाटीवाटीने बसत. साहेब त्या दगडावर चढले असते तर त्या कासवांना जागा उरली नसती. पायरीखाली बेडकांची अंडी होती, आणि साहेबांची भूक मला ठाऊक होती. शिवाय साहेबांचे काय? त्यांनी जन्मात कधी अन्न शोधले नव्हते. टिटवीचा हात दिसला की मान वर करायची, एवढेच त्यांना येत होते. पण बादलीचे कोण ऐकतो?

रविवारी सकाळी मला घासून पुसून काढले. एरवी मी खूश झाले असते. साहेबांना माझ्यात ठेवले तेव्हा त्यांची नखे माझ्या तळाला खरवडू लागली. वाटभर टिटवी एका हाताने माझी कडी धरून चालत होती. ती आता बारा वर्षांची होती आणि सारखी वाकून साहेबांकडे बघत होती.

तळ्याच्या पायरीवर घड्याळजी बसले. त्यांनी मला कलते केले. पाणी काठावर आले, साहेबांनी एक पाय माझ्या काठावर टाकला. माझी तर पाचावर धारण बसली.

"काय सोडताय, भाऊ?" बाजूलाच मावशी जाळे सांधत बसल्या होत्या.

"कासव आहे, मावशी. घरात कोंडून पडलंय. म्हटलं, मोकळं करावं."

"आधी हे जाळं बघा." मावशींनी ते दोन हातांनी उंच धरले. पलीकडचे तळे भोकांतून दिसत होते. "आज अख्ख्या सकाळीत वाटीभर मासे मिळाले. माझी आई इथे टोपल्या भरायची. ज्यानं तो काटेरी मासा सोडला ना, तोही असंच म्हणाला असेल. मोकळं करावं."

घड्याळजींचा हात थांबला. मला अजून कलतेच धरले होते. कुणालाच काही माहीत नव्हते. ते गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"बाबा," टिटवी म्हणाली, "आपला काच चाटणारा मासा मोठ्या घरी गेला होता ना? कुठे होतं ते घर?"

मित्रांनो, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. घड्याळजींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी टिटवीकडे बघितले नाही. मावशींकडे बघितले.

"इथेच," ते म्हणाले. "मीच सोडला, मावशी. याच पायरीवरून."

मावशींनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाल्या, "एकट्या तुमच्यानं एवढे झाले नसतील. पण त्यातला एक तुमचा." त्यांनी "असू दे" म्हटले नाही. म्हणायला नकोच होते.

घड्याळजींनी मला सरळ केले. साहेबांचा पाय आत घसरला.

घरी आल्यावर अंगणातले कपडे धुण्याचे सिमेंटचे टाके साहेबांना मिळाले. त्यात उन्हाला बसायला दगड ठेवला, वरून जाळी बसवली. "हे अजून वीस-पंचवीस वर्षं जगेल," घड्याळजी टिटवीला म्हणाले. "मी थकलो तर तू बघशील?" तिने लगेच हो म्हटले नाही. विचार केला, मग म्हणाली, "बघेन." दर रविवारी घड्याळजी आता मावशींबरोबर तळ्यावर जातात आणि काटेरी मासे काढतात. कितीही काढले तरी ते संपत नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी खिळा चुलीवर तापवला आणि मला उपडे केले. मी घाबरले, तुम्हाला ठाऊकच आहे माझे. तळाला सात भोके पडली. "आता हिच्यात पाणी राहणार नाही," ते म्हणाले आणि माझ्यात माती भरून कोरफड लावली. भोके पडलेल्या बादलीला सगळे फुटकी म्हणतात. मला मात्र कितीतरी वर्षांनी धीर आला.

मित्रांनो, जीव घरी आणताना तो किती वाढेल आणि किती वर्षे जगेल, ते आधी विचारा. आणलात तर शेवटपर्यंत सांभाळा. नाहीच जमले, तर सांभाळणारा माणूस शोधा, तळे शोधू नका. मी आता तळ्याकडे जाणार नाही. पण माझ्या नऊ बहिणी कुठल्या ना कुठल्या घरात आहेत आणि त्यांचे तळ अजून धड आहेत. मला त्यांची भीती वाटते.