धुतलेल्या डब्या

कहकशांचं टाळकं सकाळपासून तापलं होतं. नांदेडच्या प्रयोगशाळेत जंतू ओळखण्यात तिची बारा वर्षं गेली होती, पण शेषेरावांइतका चिवट जंतू तिनं पाहिला नव्हता.

लातुरातल्या त्यांच्या कोचिंग क्लासच्या होस्टेलात, परीक्षा तोंडावर असताना चौदा पोरी हगवणीनं आडव्या झाल्या. शेषेरावांनी खापर फोडलं ते स्वयंपाकीण नागुबाईवर. भूकंपात घर गेल्यापासून ही बाई लोकांच्या लेकरांना रांधून घालत आली होती. तिला हाकललं, वर शिळं खाऊ घातल्याची पोलिसात तक्रार केली. गरिबाला दोषी धरायला पुरावा लागतो कुठे?

सरकारी दवाखान्यानं पोरींच्या शौचाचे नमुने डब्यांतून नांदेडला धाडले. नेहमीच्या चाचणीत जंतू आतड्यातल्या साध्या जंतूसारखाच दिसत होता. कहकशांनं थेट त्याचे जनुक तपासले आणि सोंग उघडं पडलं. अकरा नमुन्यांत पाण्यात वाढणारा जंतू निघाला, विष बनवणाऱ्या जनुकासकट. पण प्रयोगशाळेचा माणूस पाण्याचा नमुना घ्यायला पोचेपर्यंत शेषेरावांनी होस्टेलची टाकी घासून, ब्लीचिंग पावडर टाकून लख्ख केली होती. पाण्यात काहीच सापडलं नाही. त्या संतापात कहकशां दोन दिवस धड जेवली नाही.

आज शेषेराव स्वतःच प्रयोगशाळेत येऊन थडकले. रिपोर्टची नक्कल न्यायला एसटीनं आलेली नागुबाई दाराशी बाकड्यावर बसली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"रिपोर्ट रद्द करा मॅडम. नमुन्याच्या डब्या आमच्या वॉर्डननं टाकीच्या पाण्यानं खळखळून धुतल्या होत्या, टाकी साफ करायच्या आधी. जंतू त्या पाण्यातून डब्यांत आला. पोरींच्या पोटात नव्हताच!"

ओठावर आलेली शिवी कहकशांनं गिळली. "हे लेखी द्याल?"

"देतो की!" त्यांनी ऐटीत लिहिलं, सही ठोकली, वर शिक्काही मारला.

कहकशांनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. "म्हणजे जंतू टाकीत होता, हे तुम्हीच लिहून दिलंत. तेच पाणी पोरींना पाजलंत आणि तक्रार केली मावशींवर! हा कागद आजच पोलिसांकडे जाईल."

"तुम्ही विपर्यास करताय!" शेषेराव कागदावर झेपावले.

"हात तर लावून बघा!" ती इतक्या जोरात ओरडली की सगळी प्रयोगशाळा थबकली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. शेषेरावांनी हात मागे घेतला.

नागुबाई उठून पुढं आली.

"सायब, पोरी आन् मी टाकीचंच पानी पीत व्हतो. तुमच्या हापिसात मातर रोज जारचं पानी यायचं." तिनं शिक्का मारलेल्या कागदाकडं बोट दाखवलं. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं."