बैठकीपुरतं हिरवं

त्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे ते फुकट होतं.

विकत घेतलं असतं तर त्याची फाईल झाली असती, फाईलवर सह्या झाल्या असत्या, पुरवठादार पेढे घेऊन आला असता, आणि मग ते चालो न चालो, दवाखान्यात त्याला मान मिळाला असता. डॉ. प्रियदर्शनीनं मात्र ते सरळ इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि सुरू करून टाकलं. हिंगोलीच्या त्या दवाखान्यात पेशंटच्या रक्तात, लघवीत कोणते जंतू वाढतात ते बघायचं काम तिचं. कोणता जंतू कोणत्या औषधानं मरतो आणि कोणत्या औषधाला भीक घालत नाही, याचे निकाल वर्षानुवर्षं कपाटात झोपलेले होते. सॉफ्टवेअरनं त्यांना उठवून चौकटी-चौकटींच्या तक्त्यात बसवलं. चालणारं औषध हिरव्या चौकटीत, न चालणारं लाल.

"बनवलं कोणी हे?" दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या डॉ. माणिकरावांनी विचारलं.

"जगभरच्या लोकांनी मिळून, सर. खुलं आहे. आतली मांडणी कोणीही वाचू शकतं, कोणीही बदलू शकतं."

"म्हणजे उद्या बिघडलं तर धरायचं कोणाला?"

"धरायला कोणी नाही, सर."

"मग असलं काहून घेतलं?"

तरी उद्घाटन झालंच. नारळ न फोडता सुरू झालेली गोष्ट माणिकरावांच्या हिशेबी सुरूच झालेली नसे. मॉनिटरला हार घातला, हळदीकुंकू लावलं, नारळाचं पाणी कीबोर्डात शिरलं, आणि शुभारंभ होताच काम बंद पडलं.

कीबोर्ड वाळल्यावर मात्र तक्त्यानं आपली जागा केली. जंतू वाढवून निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तापानं फणफणलेलं माणूस तेवढं थांबत नाही. तोवर डॉक्टर अंदाजानं औषध देतात. त्या अंदाजाला आता तक्त्याचा टेकू मिळाला. दरेक वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर तेच एक पान उघडायचं. प्रियदर्शनीनं सगळ्यांना पढवलं होतं, "आकडे बारीक आहेत, धावपळीत त्यांच्या नादी लागू नका. रंग बघा. हिरवं दिसलं की द्या."

डोंगरकड्याच्या शिलाचं बाळ आलं ते जिल्ह्याच्या आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी. शेळ्या-मेंढ्या राखणारं घर. बाळ अजून बारशाचंही नव्हतं. अंग थंड, डोळे मिटलेले, दूध ओढायची ताकद नाही. रक्ताची बाटली प्रयोगशाळेत आली तशी तिच्या मागोमाग आजीही आली, पंचफुलाबाई.

"बाई, लेकराचं रगत इथंच आणलं का?"

"हो आजी. आता त्यात जंतू वाढवायचे, मग कळेल."

"वाढवायचे?" पंचफुलाबाईनं डोळे मोठे केले. "आमी मारायला आणलं अन् तुमी वाढवून राहिल्या!"

प्रियदर्शनी हसली. मग समजावलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावात कंपाउंडरनं दिलं होतं औषध. शेळीला देतेत ना, तेच. म्हणला, लेकराला थोडं कमी देऊ. त्याच्यानं शेळी बी उठली न्हाई म्हणा."

नवजात बाळांच्या कक्षातली डॉ. अंजली नवी होती, पण कामाला चोख. तिनं नेहमीचं औषध सुरू केलं होतं. "सकाळपर्यंत फरक नाही पडला तर बदलीन, मॅडम," ती म्हणाली. "तक्ता बघून दुसरं लावते. याच्यात फार वेळ नाहीये."

संध्याकाळी प्रियदर्शनी घरी निघायच्या बेतात होती. तिची स्वतःची पोरगी सात-आठ महिन्यांची. सासूबाईंचा फोन येऊन गेला होता की वाटीतली पेज थुंकून राहिली, तुझ्याच नावानं रडून राहिली. प्रियदर्शनीची छाती दुधानं दाटून दुखत होती, आणि नेमके तेव्हाच माणिकराव प्रयोगशाळेत शिरले. मागं दत्तप्रसाद, कॉम्प्युटर ऑपरेटर.

"मॅडम, उद्या आढावा बैठक. तुमचा तक्ता मोठ्या पडद्यावर दाखवायचा आहे." मग त्यांनी तक्त्याकडं पाहिलं आणि चेहरा उतरला. "हे लाल काहून एवढं?"

"जंतू जुन्या औषधांना दाद देत नाहीत, सर."

"ते ठीक आहे. पण बैठकीत लाल चालत न्हाई. साऱ्या खात्यांचं हिरवं असतं. मागच्या खेपेला एका तालुक्यानं लाल दाखवलं, बिचारा अजून खुलासेच देऊन राहिला."

"पण सर, रोगच तसा—"

"रोग कसा बी असू द्या, रंग आपल्या हातात आहे ना? तुमीच म्हणल्या, खुलं आहे, कोणी बी बदलू शकतं. दत्तप्रसाद, जमंल?"

"एका ओळीचं काम आहे, सर," दत्तप्रसाद म्हणाला. त्याला कोणी काम सांगितलं की आनंद व्हायचा. काम कसलं हे तो मागाहून बघायचा.

प्रियदर्शनीनं घड्याळाकडं पाहिलं. वाद घातला तर तास गेला, आणि तिकडं पोरगी रडतेय.

"बैठकीपुरतंच हं," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

"बराबर. बैठकीपुरतंच," माणिकराव म्हणाले.

दत्तप्रसादनंही मान डोलावली. वेगळी प्रत काढायची की आहे त्याच पानावर करायचं, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सकाळी प्रयोगशाळेत बाळाची बाटली बघून ती थेट बाळांच्या कक्षात गेली. बाहेर पंचफुलाबाई भिंतीला टेकून, शिला पदर तोंडात धरून. आत अंजली इंजेक्शनची कुपी हातात घेऊन उभी.

"बरं झालं आलात, मॅडम. बाळ आणखी मंदावलंय. औषध बदलतेय. आणि तक्ता आज काय मस्त आहे हो! काहीही द्या, सगळंच चालतंय."

प्रियदर्शनीनं पडद्याकडं पाहिलं. श्रावणातल्या सोयाबीनच्या रानासारखा हिरवागार. एक चौकट लाल नाही.

"थांब." ती पुढं झाली. "ती कुपी खाली ठेव."

बाळाच्या रक्ताच्या बाटलीत रात्रीतून जंतू दिसायला लागले होते. त्यांची जात आणि चौकटींतले बारीक आकडे, जे कोणी बदलले नव्हते, तिनं भराभर ताडून पाहिले. अंजलीच्या हातातलं औषध त्या जंतूंनी कधीचंच पचवलेलं होतं. चालण्यासारखं एकच दिसत होतं. तिनं नाव सांगितलं. अंजलीनं वजनाप्रमाणे हिशेब करून ते भरलं आणि बाळाच्या दोऱ्याएवढ्या शिरेत हळूहळू सोडलं.

"मग तक्ता?" अंजलीनं विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, हिरवं दिसलं की द्या."

प्रियदर्शनी कॉम्प्युटरकडं वळली.

पान एकच होतं. प्रसूतीच्या वॉर्डात, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, या घटकेला कोणीतरी हेच सोयाबीनचं रान बघून सुई भरत असणार. तिनं दत्तप्रसादला फोन लावला, बंद. बैठक सुरू झाली होती, आणि तिथल्या मोठ्या पडद्यावरही हेच पान असणार. इथं रंग बदलला की तिथंही बदलणार, भर सभेत, माणिकरावांच्या पाठीमागं. तिची नेमणूक कंत्राटी. ती दर वर्षी वाढायची ती माणिकरावांच्या शिफारशीनं.

काचेपलीकडं बाळाची छाती चिमणीसारखी वरखाली होत होती.

तिनं सॉफ्टवेअरमधली, रंग ठरवणारी ती एक ओळ शोधली आणि पूर्ववत केली. मग वॉर्डावॉर्डांत फोन करून सांगितलं, आता पुन्हा बघा, सकाळी जे लावलं ते तपासून घ्या.

दुपारी दत्तप्रसाद धापा टाकत आला. "मॅडम, काय सांगू! साहेब रंगात आले होते. म्हणून राहिले, आपल्या जिल्ह्यातले जंतू एकदम शिस्तीत आहेत, सांगितलं ते ऐकतेत. अन् मागं पडदा लालभडक! सारे पडद्याकडं बघून राहिले, साहेबाला पत्ताच न्हाई. त्यांना वाटलं, लोकं आपल्या बोलण्यानंच थक्क झाले."

"मग?"

"मग मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय? आपल्या साहेबांनी वळून पाहिलं, घोटभर पाणी पिलं अन् म्हणले, हेच तर दाखवायचं होतं! दिसतं कसं अन् असतं कसं! टाळ्या पडल्या, मॅडम. एक समिती नेमली. आपले साहेबच अध्यक्ष."

प्रियदर्शनीला हसावं की रडावं कळेना. "त्यांना कळलं का, कोणी केलं?"

"त्यांना वाटून राहिलं, सॉफ्टवेअरनं आपणहून केलं. म्हणले, फुकटचं असून हुशार आहे."

"नाही. मी केलं. मीच सांगते त्यांना."

तिनं खरंच सांगितलं. माणिकरावांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आता झालं ते झालं. समितीत हे बोलू नका. न्हाईतर समितीच राहणार न्हाई." रंगाच्या ओळीला यापुढं तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, एवढं तिनं कबूल करून घेतलं. दोन-तीन दिवसांनी समिती बसली आणि पहिलाच ठराव झाला: एवढं मोलाचं काम फुकटच्या सॉफ्टवेअरवर सोडणं धोक्याचं आहे, तरी चांगलं महागाचं मागवावं.

तिला समितीपुढं बोलवायला माणिकरावांनी फोन केला तेव्हा ती बाळांच्या कक्षात होती. शिलानं लेकरू छातीशी धरलं होतं. त्यानं इकडंतिकडं तोंड घासलं, सापडलं, आणि चक्क ओढायला लागलं. पंचफुलाबाई काचेला नाक लावून उभी. "वढून राहिलं बाई," ती आतल्या सगळ्यांना सांगत होती, "वढून राहिलं लबाड!"

"मॅडम, कुठं आहात? सारे थांबलेत," फोनवर माणिकराव.

"येते, सर. लेकरू दूध पिऊन राहिलंय. त्याचं होऊ द्या."

"तुमचं? दवाखान्यात आणलं का?"

"इथलंच आहे, सर," ती म्हणाली आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.