चार रिकाम्या जागा

मंगळवारी पिल-ग्यू इंग्रजीच्या वर्गाला एकटाच आला. सुनछॉनच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात दोन वर्षांपूर्वी ओक-रेनंच त्याला ओढून आणलं होतं. जन्मभर फरश्या बसवलेल्या माणसाला इंग्रजी कशाला, म्हणून तो कुरकुरायचा आणि शेजारी बसून बायकोचं बघून लिहायचा.

आज त्यानं स्वतःची वही आणलीच नव्हती. तिची आणली होती. शेवटच्या पानावर रिकाम्या जागा भरायची सहा वाक्यं. दोन तिनं भरलेली, चार कोरी. परवा ती गेल्याचा एकोणपन्नासावा दिवस. देवळात तिचे कपडे, चपला जाळून तिला निरोप द्यायचा. त्यात वहीही जाणार होती. निवडायला घेतलेली भाजी ती कधी अर्धी टाकून उठली नाही. अर्धं पान तिच्याबरोबर कसं धाडायचं?

“काय भावजी, आज कुणाचं बघून लिहिणार?” मागच्या बाकावरून बोसोंग गावची म्हातारी म्हणाली आणि तिनं जीभ चावली. मग तिनं सोललेलं संत्रं त्याच्यापुढे सरकवलं.

शिकवणाऱ्या छॉनबाईंनीही टेबलावर दोन संत्री ठेवली होती. “एकेकाकडे वेगळं बघायचं, तर ‘ईच’. दोघांतलं कुठलंही एक चालेल, तर ‘आयदर’. दोघांतलं एकही नको, तर ‘नायदर’. पुष्कळ असतील आणि एकही सुटू द्यायचं नसेल, तर ‘एव्हरी’. पण त्याच्या पुढचं नाम एकवचनीच हं.”

“आणि एकच उरलं तर?” पिल-ग्यूनं विचारलं.

“मग यातला एकही शब्द लागत नाही, आजोबा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली आणि लिहायला लागला. पहिल्या रिकाम्या जागेला बराच वेळ गेला. चौथी भरेपर्यंत वर्ग सुटला होता. बाई येऊन वाकल्या. “चारही बरोबर! वरचं दुसरं मात्र चुकलंय, ‘एव्हरी’पुढे ‘चिल्ड्रन’ नाही...” त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

पिल-ग्यूनं पानावर हात ठेवला. “तिचं राहू द्या, बाई.”

बाईंनी टोपण लावलं.

गुरुवारी देवळामागच्या भट्टीपाशी मुलगा तेक-सू एकेक वस्तू आत टाकत होता. हिवाळी कोट गेला, चपला गेल्या. वही हातात आल्यावर त्यानं ती चाळली आणि शेवटच्या पानावर थांबला. वरचं अक्षर बारीक, गोल होतं. खालच्या चार जागांतलं वाकडं, पेन्सिल दाबून लिहिलेलं.

“हे आईनंच लिहिलंय?”

“शेवटी-शेवटी हात कापायचा तिचा,” पिल-ग्यू म्हणाला.

तेक-सूनं बापाच्या हाताकडे पाहिलं. वही त्यानं आगीत टाकली नाही, बापाला दिली. “बाबा, ही तुम्ही टाका.”

पिल-ग्यूनं टाकली. पुठ्ठा जाड होता, लवकर पेटेना.

“चला, बाबा. जेवायला थांबलेत सगळे.”

“तू हो पुढं,” तो म्हणाला. “थोडी राहिलीय अजून.”