अळणी पाणी

पंप थांबला की माशांच्या टाकीवरच्या नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबत राही. पडत नसे. तासाभराने पंप पुन्हा घुरघुरला की मागून आलेलं पाणी त्याला ढकलून देई, आणि मिनिटभराने पंप थांबला की तिथे दुसरा थेंब येऊन लटके. पहिल्या दिवशी हर्षदाने स्टुलावर बसून असे चार थेंब पाहिले. म्हणजे चार तास ती जागची फारशी हलली नाही.

"अंडं उबवतेयस की काय गो?" जयवंतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नीट चालतंय का बघतेय, आई."

"नाही चाललं तर कळेलच. नवरा थोडाच आहे तो, गुपचूप बंद पडायला!"

टाकी त्या नवऱ्याचीच. दोनशे लिटरची, खाऱ्या पाण्याची. आत खडकांवर प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. धनेशने मोठ्या हौसेने ती मांडली होती. मग तो नोकरीसाठी मस्कतला गेला आणि दोन वर्षांनी कळलं, की तिथे त्याने दुसरं घरही मांडलंय. जयवंतीबाईंनी फोनवर लेकाला एवढंच सांगितलं, "इथे यायचं नाव काढू नकोस." फोन ठेवला आणि सुनेला विचारलं, "भात टाकू ना तुझा?" त्याला चार वर्षं झाली. डहाणूत खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या त्या घरात सासू-सून राहत होत्या. कोण कोणाकडे राहतंय, हा प्रश्न दोघींनीही कधी काढला नाही.

दर रविवारी टाकीतलं तीस लिटर पाणी काढून नवं घालायचं. हर्षदा कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला, ती मीठ वजन करून घ्यायची. जयवंतीबाई लाकडी दांड्याने पाणी ढवळायच्या. त्या किनाऱ्यावरच्या वरोर गावच्या. निम्मं आयुष्य मासे खारवण्यात गेलेलं. ढवळता ढवळता बोट बुडवून जिभेला लावायच्या. "अजून मूठभर." मग हर्षदा खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून नळी डोळ्याला लावायची. पस्तीस हवे असत, चौतीस भरत. मूठभर मीठ पडलं की पस्तीस.

"ह्या दुर्बिणीला किती पैसे घातलेस? मला विचारलं असतंस," जयवंतीबाई म्हणायच्या. "समुद्र दाराशी, आणि आमच्याकडे मीठ कुरिअरने येतं."

दोन माशांपैकी छोट्याचं नाव त्यांनी धनेश ठेवलं होतं. त्याला खाणं घालताना त्या मनसोक्त शिव्या देत.

आता हे रविवार संपणार होते. एक पंप दर तासाला टाकीतलं थोडं पाणी बाहेर फेकी, दुसरा तेवढंच खारं पाणी मोठ्या निळ्या पिंपातून आत आणी. दिवसाला चार लिटर. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याची भरपाई तिसरी एक नळी गोड्या पाण्याने करी. पातळी उतरली की तरंगता खटका ती आपोआप सुरू करी. पिंप एकदा भरलं की दीड महिना कुणी बघायची गरज नव्हती.

हे सगळं कशासाठी, ते हर्षदाने सांगितलं नव्हतं. तलासरीपलीकडच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेला विज्ञानाची शिक्षिका हवी होती. नोकरी कायमची, पण राहायचं शाळेच्या आवारात. मुख्याध्यापिका निर्मलाताई तिच्या ओळखीच्या. त्यांनी दोन वर्षं विचारलं आणि दोन्ही वर्षं हर्षदाने कळवलं, घरी टाकी आहे, रोज लक्ष द्यावं लागतं. हे खरंही होतं. पण त्या वाक्यात टाकीच्या जागी कोणाचं नाव ठेवायला हवं होतं, ते तिला ठाऊक होतं. एक माणूस ह्या घरातून निघून गेला होता. दुसरं आपण व्हायचं का?

यंदा निर्मलाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं. मेअखेर उत्तर हवं होतं. "या वेळी टाकी नको सांगूस," त्या म्हणाल्या. "मुलांनी अजून परीक्षानळी हातात धरलेली नाहीये."

म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात हर्षदाने यंत्रणा बसवली आणि तीन आठवड्यांचा प्रयोग ठरवला. प्रयोगाची अट एकच, आपण घरात नाही असं समजून वागायचं. टाकीत हात घालायचा नाही, काही मोजायचं नाही. फक्त येता-जाता पातळी बघायची, कारण तेवढं जयवंतीबाईंनाही बघता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने पिंप टाकीशेजारून हलवून बाहेर, दोन पायऱ्या खालच्या ओट्यावर नळापाशी नेलं. पुढेमागे भरायची वेळ आली तर आईंना घरात बादल्या वाहायला नकोत. नळी तेवढी लांब केली.

पातळी केसभरही हलली नाही. रोज काचेवरच्या खुणेला खूण. गोडं पाणी जरा जास्त संपत होतं, पण मे महिना होता, पंखा चालू होता. तिसऱ्या आठवड्यात चामड्यासारखं जाड प्रवाळ बोटं आत ओढून बसलं. तेही कधीमधी तसं करतंच. हर्षदाने स्वतःला बजावलं, तू इथे नाहीस.

एकविसाव्या दिवशी ती कॉलेजमधून परतली तेव्हा जयवंतीबाई टाकीचं झाकण उघडून उभ्या होत्या. बोट ओलं होतं.

"अळणी झालंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाणी. ह्यात बोंबील टाकला तर दोन दिवसांत सडेल. कसलं यंत्र आणलंस?"

"पातळी बरोबर आहे, आई."

"पातळी तर विहिरीचीही बरोबर असते."

हर्षदाने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. रिफ्रॅक्टोमीटर काढला, थेंब ठेवला, नळी उजेडाकडे धरली. एकतीस. काच पुसली, पुन्हा बघितलं. एकतीसच. मग ओट्यावर जाऊन पिंपात काठी घातली. चौऱ्याऐंशी लिटर कमी व्हायला हवे होते, तिच्या हिशेबाने पंचावन्नच झाले होते.

ती तिथेच पायरीवर बसली. आत पाणी आणणारा पंप तिने पिंप शेजारी असताना मापून घेतला होता. पिंप खाली गेलं, नळी लांबली, आता त्याला पाणी चढवून आणायचं होतं. चार लिटरांच्या जागी तो जेमतेम अडीच आणत होता. बाहेर टाकणारा मात्र पुरते चार टाकत होता. मधला खड्डा तिसरी नळी गोड्या पाण्याने इमानदारीत भरत होती. बाहेरून सगळं जिथल्या तिथे, आणि आतून रोज थोडं मीठ निघून चाललेलं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी असं केलं असतं तर तिने वही परत केली असती. जागा बदलली की माप पुन्हा घ्यायचं.

"मरतील का गो?" जयवंतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नाही. हळूहळू मीठ वाढवायचं, आठवडाभर. एकदम नाही." काठी बाजूला ठेवून ती म्हणाली, "माझीच चूक. मी मोजायला हवं होतं."

"मग मोजलं का नाहीस? तू तर वरणातलं मीठ मोजणारी." जयवंतीबाई गुडघ्यावर हात ठेवून तिच्याशेजारी बसल्या. "तीन आठवडे बघतेय. घरात असतेस आणि नसतेस. टाकीजवळून जातेस ती पाहुण्यासारखी. मला वाटलं आजारी आहे पोरगी, सांगत नाहीये."

हर्षदा पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागली.

"तुझ्या सासऱ्याची बोट आठ-आठ दिवस लांब जायची," जयवंतीबाई म्हणाल्या. "निघायच्या आदल्या दिवशी तो घरातली सगळी पिंपं भरून ठेवायचा. न्हाणीतलं, मोरीतलं, ह्या ओट्यावरचं. उद्या चाललो असं तोंडाने कधी म्हणाला नाही. पिंपं भरलेली दिसली की मी आपली भाकऱ्या थापायला घ्यायची."

"चांगलंच ना, आई. काळजी होती त्यांना."

"कसलं चांगलं! मला कधी आवडलं नाही ते. पाण्याची सोय केली म्हणजे झालं? माणसाने माणसाला सांगावं. आणि धनेशने तर पिंपंही भरली नाहीत."

गल्लीतून चिकूचे रिकामे क्रेट लादलेला टेम्पो खडखडत गेला.

"हे पिंप कोणासाठी भरलंस?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"टाकीसाठी. म्हणजे, टाकीला रोज कोणीतरी..."

"टाकीचं मी बघीन. माझी जीभ आहे, तुझी दुर्बीण ठेवून जा. टाकीचं विचारलं नाही मी." त्यांनी पदराने बोट पुसलं. "आणि मी काय त्यातला मासा आहे, तू नसलीस तर उलटी तरंगायला? बोल."

हर्षदाच्या तोंडात वाक्य तयार होतं. दोन वर्षं तयार होतं, फक्त शेवटी प्रत्येक वेळी 'पण' येत होता. तिने तो काढून टाकला.

"मी तलासरीला जातेय, आई. तिथल्या आश्रमशाळेत शिकवायला. तिथेच राहणार."